मतं खाल्ली म्हणता, पण ती कोणाच्या ताटातली?

मुक्तछंद

गेल्या आठवड्यात अमेरिकी निवडणुकांच्या धाग्यावर एका सदस्यानं लिहिलं, "लिबर्टेरियनला मत देणारे म्हणजे घराला आग लागलेली असताना बादलीच्या रंगावरून भांडणारे. स्वतः कधी निवडून येत नाहीत, दुसऱ्याची मतं तेवढी खातात. मत कुजवायचंच असेल तर घरी बसा." खाली सहमतीची रांग लागली. मी तिथं दोन ओळी लिहून थांबलो, पण चार दिवस झाले तरी ते डोक्यातून जात नाही. म्हणून वेगळा धागा. (लिबर्टेरियन म्हणजे सरकारचा खर्च नि हस्तक्षेप कमी हवा म्हणणारा इथला तिसरा पक्ष.)

मी अल्फारेटाला राहतो, म्हणजे जॉर्जियात. २०१८ ला नागरिक झालो. २०२० ला अध्यक्षपदासाठी जो जॉर्गेन्सन आणि सिनेटसाठी शेन हेझल, २०२२ ला सिनेटसाठी चेस ऑलिव्हर, २०२४ ला अध्यक्षपदासाठी पुन्हा ऑलिव्हर. ही माझी मतं, सगळी लिबर्टेरियनांना. एकही नाइलाजानं दिलेलं नाही.

२०२० ला इथे बायडन ११,७७९ मतांनी जिंकले आणि जॉर्गेन्सनला ६२,२२९ मतं पडली. रिपब्लिकन मित्र म्हणाले, आमची खाल्लीत. २०२२ ला सिनेटसाठी डेमोक्रॅट वॉर्नॉक सुमारे ३७ हजारांनी पुढे होते, ऑलिव्हरनं ८१ हजार घेतली, पन्नास टक्के कोणालाच गाठता आले नाहीत आणि रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांतच दुसरी फेरी, घ्यावं लागलं. तेव्हा डेमोक्रॅट मित्र म्हणाले, आमची खाल्लीत. दोन वर्षांत दोघांच्याही ताटातलं आम्हीच खाल्लं? मत पक्षाच्या सातबाऱ्यावर चढवलेलं असतं असं धरून ही माणसं बोलतात. मत माझं आहे. मागायला या, पटवून द्या, आणि नाही पटलं तर माझ्या अंगावर येऊ नका.

दोन पक्ष ज्या गोष्टींवर भांडतात तिथं तुमच्याजवळ निवड आहे, हे मान्य. ज्यावर दोघांचं एकमत आहे तिथं काय करता? २००१ नंतर एकाही वर्षी या देशाचा जमाखर्च जुळलेला नाही, राज्य कोणाचंही असो. गुन्हा सिद्ध झालेला नसताना पोलीस माणसाची रोकड नि गाडी जप्त करतात, ते दोघांच्याही राज्यांत चालतं. शेतीला अनुदानं देणारं २०१८ चं फार्म बिल सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १३ मतांनी गेलं. आणि आमच्या जॉर्जियात तिसऱ्या पक्षाला काँग्रेसच्या खालच्या सभागृहासाठी उमेदवार द्यायचा तर त्या मतदारसंघातल्या ५ टक्के मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. नियम १९४३ चा. तेव्हापासून आजवर तिसऱ्या पक्षाच्या एकाही उमेदवाराला ते जमलेलं नाही. इथे आधी डेमोक्रॅटांचं राज्य होतं, मग रिपब्लिकनांचं आलं, नियम जागेवरच राहिला. हे सगळं नको म्हणायला मतपत्रिकेवर मला एकच जागा आहे आणि मी तिथं खूण करतो.

वाळवंटातली मैना

मुक्तछंद, सातबारा वगैरे वाचायला छान आहे. आता माझ्याकडचं ऐका.

मी फिनिक्सला असते. २०१६ ला मी नागरिक नव्हते, म्हणजे मत नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसायचा, मूळचा इराणी, तेव्हा नुकताच नागरिक झालेला, अतिशय सज्जन. त्याला हिलरी आवडत नव्हत्या, ट्रम्प तर नव्हतेच. त्यानं लिबर्टेरियन गॅरी जॉन्सनला मत दिलं आणि आम्हाला सांगितलं, मी माझ्या मनाशी प्रामाणिक राहिलो. ॲरिझोनात ट्रम्प ९१ हजारांनी जिंकले, जॉन्सनला १ लाख ६ हजार मतं होती.

जानेवारीच्या शेवटी सात देशांवरची प्रवासबंदी आली. त्याची बायको आठव्या महिन्यात होती. आईवडील बाळंतपणाला येणार होते, तिकिटं काढलेली होती. ते आलेच नाहीत. आपल्याकडे आई येते म्हणजे काय असतं ते इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. डिंकाचे लाडू कोण करणार, बाळाला पहिली अंघोळ कोण घालणार, रात्री तीन वाजता बाळ रडलं तर कोण घेणार. त्यांच्याकडेही तसंच असतं. त्या दोघांनी ते सगळं एकट्यानं काढलं.

मत माझं, मत माझं म्हणता ना? ज्यांना मतच नाही अशी माणसं तुमच्या मतावर जगत असतात. तेव्हा मी त्यांच्यातलीच होते. माझा भाऊ आजही ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. मला असल्या चैनी परवडत नाहीत.

मुक्तछंद

मैनाताई, वाचून वाईट वाटलं, खरंच. पण ती १ लाख ६ हजार मतं सगळी हिलरींना गेली असती हे कशावरून? काही ट्रम्पकडे गेली असती, काही घरी बसली असती. तुमच्या राज्यातलंच २०२२ चं उदाहरण घ्या. सिनेटचा लिबर्टेरियन उमेदवार ऐनवेळी बाजूला झाला, त्यानं रिपब्लिकन मास्टर्सना पाठिंबा दिला, तरी त्याच्या नावापुढे दोन टक्के मतं पडली आणि मास्टर्स हरलेच. आमची मतं उमेदवारानं सांगूनही हलत नाहीत.

आणि माणसांना येऊ द्या, काम करू द्या, हे सर्वांत स्पष्टपणे आमचाच पक्ष म्हणत आला आहे. तुमचा सहकारी त्यासाठीच मत देत असेल. मी त्याला दोष देणार नाही, तुम्ही देताय.

वाळवंटातली मैना

मी देत नाही. तो स्वतः देतो. आठ वर्षं झाली, अजून देतो.

जुनं खोड

ह्यूस्टनहून लिहितोय. १९७९ पासून या देशात आहे, तेव्हा दोन गोष्टी मलाही बोलू द्या.

मुक्तछंद, तुम्ही २०२० ची अर्धीच गोष्ट सांगितलीत. जॉर्जियाच्या सिनेटच्या त्याच मतदानात रिपब्लिकन पर्ड्यूंना ४९.७३ टक्के होते. पाव टक्का कमी पडला. तुमच्या हेझलनं २.३२ टक्के घेतले. रनऑफ झालं, पर्ड्यू सुमारे ५५ हजारांनी पडले, डेमोक्रॅट ऑसॉफ आले, सिनेट ५०-५० झाली. दोन महिन्यांत त्याच सिनेटनं १ लाख ९० हजार कोटी डॉलरचं खर्चाचं बिल ५० विरुद्ध ४९ नं काढलं. सरकारचा खर्च कमी करा म्हणून मत देणाऱ्या दोन टक्के लोकांनी इतका मोठा खर्च देशाच्या गळ्यात बांधला. या हिशेबाला तुमच्याजवळ काय उत्तर आहे?

मी हे केलंय म्हणून बोलतोय. १९९२ ला माझं पहिलं मत, अपक्ष रॉस पेरोंना. माणसानं टीव्हीवर अर्धा अर्धा तास तक्ते दाखवून तूट समजावली, मी भारावून गेलो होतो. जवळजवळ १९ टक्के मतं पडली आणि अध्यक्ष ज्यावर ठरतो ते राज्यांचं इलेक्टोरल मत एकही नाही. त्या रात्री मी शपथ घेतली की आता जे करायचं ते पक्षाच्या आत राहून करायचं. आमच्याकडच्या रॉन पॉलनी तेच केलं. १९८८ ला लिबर्टेरियन म्हणून उभे राहिले, चार लाख तीस हजारांच्या आसपास मतं. परत रिपब्लिकन झाले, काँग्रेसमध्ये गेले आणि २०१२ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, वीस लाखांच्या वर मतं घेतली. शाळेतली पोरं त्यांच्यामुळे फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेवर, वाद घालायला लागली. हा आतून केलेला मार्ग.

अवांतर: सरकारी जाच मला शिकवू नका. माझ्या बायकोला २०१० च्या सुमाराला थ्रेडिंगचा छोटा गाळा टाकायचा होता. दोऱ्यानं भुवया करायला ७५० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं. हे काम ती कॉलेजात असल्यापासून करत होती. शिकवणार काय, तर मेकअप आणि रसायनं. फी हजारो डॉलर. तिनं नाद सोडला. आजही एखाद्या मॉलमध्ये तसा गाळा दिसला की ती दोन मिनिटं उभी राहते. पुढे २०१५ ला टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं पटेल खटल्यात ती अट घटनाबाह्य ठरवली, तोवर आमचं वय निघून गेलं होतं.

मुक्तछंद

खोडकाका, पटेल खटला तुम्हीच काढलात म्हणून बरं झालं. तो लढवला कोणी? इन्स्टिट्यूट फॉर जस्टिसच्या वकिलांनी, म्हणजे पक्क्या लिबर्टेरियन विचाराच्या लोकांनी. आणि ती अट न्यायालयात टिकवायला कोण उभं होतं? टेक्सासचं राज्य सरकार. त्या काळात टेक्सासात राज्य कोणाचं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. काकूंचा गाळा बुडवणाऱ्या नियमाची वकिली तुमच्याच पक्षानं केली, आणि तुम्ही मला आतून बदल शिकवताय!

पेरोंबद्दल म्हणाल तर इलेक्टोरल मत मिळालं नाही, पण १९ टक्के बघून दोन्ही पक्षांना घाम फुटला. तूट हा विषय त्यांना टाळता येईना. १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं खजिन्यात शिल्लक होती. त्यानंतर एकदाही नाही. तुमचं ते मत कुजलं नव्हतं. तुम्हीच ते कुजलं म्हणून टाकून दिलंत.

जुनं खोड

निकाल देणारे नऊच्या नऊ न्यायाधीश रिपब्लिकन म्हणून निवडून आलेले होते, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात. आत माणसं होती म्हणून सहा जणांनी अट उडवली.

पेरोंचं म्हणाल तर त्या शिल्लकीत शीतयुद्ध संपल्याचा वाटा होता, संगणकाच्या तेजीचा होता, १९९४ ला काँग्रेस जिंकणाऱ्या रिपब्लिकनांचा होता. पेरोंचाही काही असेल. बरं, होता. एवढ्यावर थांबा. त्या १ लाख ९० हजार कोटींचं उत्तर अजून दिलेलं नाहीत.

बेरीज वजाबाकी

तुम्ही दोघं माणसांशी भांडताय, दोष पद्धतीत आहे. ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, बाकीच्यांना शून्य, असा नियम असला की मतदार आपोआप दोन गोटांत गोळा होतात. ड्युव्हर्जेनं हे १९५० च्या दशकातच मांडलं. मेनमध्ये २०१८ पासून, अलास्कात २०२२ पासून पसंतीक्रमानं मत देतात. पहिली पसंती लिबर्टेरियन, दुसरी अमुक. पहिला बाद झाला की मत दुसऱ्याकडे जातं. कोणाचं काही खाल्लं जात नाही. पण फ्लोरिडानं आणि टेनेसीनं २०२२ ला कायदा करून ही पद्धत बंद केली आणि अलास्कात २०२४ ला ती काहीशे मतांनी वाचली. ज्यांना तिचा फायदा नाही तेच नियम करतात.

हे आपल्याला नवीन आहे का? २०१९ ला नांदेडला अशोक चव्हाण चाळीस हजारांनी पडले आणि वंचितला दीड लाखाच्या वर मतं होती. बी टीम, मतविभागणी, मतं खाल्ली, सगळे शब्द हेच. वंचितच्या मतदाराला कोणी विचारलं नाही की बाबा, तू तिकडे का गेलास.

पैनगंगा

महाराष्ट्र निघालाच आहे तर शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं नाव कसं आलं नाही याचं नवल वाटतं. मुक्तछंद जे जॉर्जियात शोधताहेत ते आमच्याकडे आंबेठाणच्या माणसानं सांगून झालंय. १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला तो राजाजींच्या स्वतंत्र पक्षाचा धागा पकडून, ज्या पक्षाचे १९६७ ला लोकसभेत ४४ खासदार होते. आज तसा पक्ष प्रामाणिकपणे नोंदवताही येत नाही. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९-अ कलम आहे, पक्षाच्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. अमेरिकेत निदान ५ टक्के सह्या मागतात, आपल्याकडे विचारच सोडून या म्हणतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, पैनगंगेच्या काठचा. आता न्यू जर्सीत एडिसनला असतो. १९७२ पासून आमच्याकडे एकाधिकार कापूस खरेदी होती. कापूस विकायचा तर सरकारी केंद्रावरच. गाड्यांची रांग लागायची, माणसं गाडीखाली झोपायची. ग्रेडर हातात बोंड घेऊन प्रत ठरवायचा आणि त्यानं ठरवलेली प्रत म्हणजे ब्रह्मवाक्य. चुकारा महिनोन्‌महिने यायचा नाही. नदीपलीकडे आंध्रात व्यापारी रोख द्यायचा, पण राज्याबाहेर कापूस नेणं गुन्हा. माझ्या वडिलांनी एका वर्षी रात्री गाडी नदीत घातली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या होत्या. मी आठ वर्षांचा होतो, गाडीत कापसावर पालथा पडून होतो, बोलायचं नाही म्हणून दम दिलेला. स्वतःच्या शेतातला, स्वतःच्या घामाचा कापूस आणि माझा बाप तो चोरासारखा नेत होता. पलीकडे पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा तोंड धुतलं, ते अजून दिसतं मला. मी लिबर्टेरियन आहे तो त्या रात्रीपासून. पुस्तकं नंतर वाचली.

कोरडवाहू

हिंगणघाट. कापूस उत्पादक, आजही. बारा एकर, विहिरीचं पाणी जानेवारीपर्यंत.

पैनगंगा, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण तुमच्या वडिलांना नदी होती, पलीकडे व्यापारी होता, नडलं तर तुम्हाला एडिसन होतं. आमच्या गावाला नदी नव्हती. एकाधिकार वाईट होता, मी रांगेत झोपलोय, मला सांगू नका. तो गेल्यावर काय झालं ते सांगा ना. खेडा खरेदीवाला दारात येतो. काटा त्याचा, ओलावा तो ठरवणार, क्विंटलमागं कटती तो ठरवणार. सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचं, खरेदी केंद्र सुरू झालं की त्याच माणसाचा भाव दुसऱ्या दिवशी वाढतो. केंद्र बंद झालं की उतरतो. डोळ्यांनी बघतो मी हे दर वर्षी. तुमचा खुला बाजार सरकार शेजारी उभं असलं तरच सरळ वागतो.

आणि जोशीसाहेब. मी बिल्ला लावून फिरलोय, तुरुंगातही गेलोय. २००४ ला ते राज्यसभेत गेले ते कोणाच्या पाठिंब्यावर? युतीच्या. स्वतःच्या पक्षाची मतं किती होती? ज्यांना आयुष्यभर शेतकऱ्यांचे शत्रू म्हटलं त्या दोन गटांपैकी एकाच्या मांडीवर शेवटी बसावं लागलं. हेच होतं तिसऱ्या वाटेचं.

पैनगंगा

मांडीवर? २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ नं मंजूर झालं. भाजप बाजूनं, काँग्रेस बाजूनं, डावे बाजूनं. तो एक कोण होता माहीत आहे ना? मांडीवर बसलेला माणूस सगळ्या सभागृहाविरुद्ध एकटा हात वर करत नाही. शब्द जपून वापरा.

वाळवंटातली मैना

आणि हे तुम्ही अभिमानानं सांगताय? महिला आरक्षणाला एकमेव विरोध?

पैनगंगा

हो, सांगतोय. १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं एवढं मोठं अधिवेशन त्यांनी भरवलं, नंतर लक्ष्मीमुक्तीत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावानं जमीन करून दिली. माझ्या आईच्या नावावर दोन एकर आहे ती त्यामुळे. त्यांचा आक्षेप मतदारसंघ आळीपाळीनं फिरवण्याला होता. ज्याच्या घरात सातबारा बदलला त्याला शिकवू नका.

कोरडवाहू

लक्ष्मीमुक्ती खरी. माझ्याही घरात झाली. ते नाकारत नाही.

पण तुम्ही प्रश्न टाळताय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि वर्षअखेरपर्यंत काढलेलंच ठेवलं. बाहेरचा कापूस मोकळा आला. तुमच्या तत्त्वानं तर टाळ्या वाजवायला पाहिजेत, व्यापार मोकळा झाला! आमच्या घरात ऐन वेचणीच्या तोंडावर भाव बसला. वाजवल्या का टाळ्या, एडिसनमध्ये? तिथून डॉलरमध्ये पगार घेऊन गावाकडच्यांना बाजार शिकवणं फार सोपं असतं.

पैनगंगा

डॉलर काढू नका. त्या डॉलरमधून गावात काय काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. टाळ्या वाजवल्या नाहीत. बापाचा फोन आला होता, तोही तेच बोलला जे तुम्ही बोलताय. मला दोन रात्री झोप नव्हती. तरी तत्त्व सोडणार नाही.

जुनं खोड

धागा अमेरिकेतल्या मतदारांचा होता. आम्ही आता कापूस वेचतोय.

मुक्तछंद

काका, कापूस वेचूनच मूळ मुद्द्यावर येतो.

कोरडवाहू, तुमच्याशी स्पर्धा करणारा अमेरिकी शेतकरी खुल्या बाजारातला नाहीच. भाव पडला तर सरकार भरपाई देतं, विम्याच्या हप्त्यात सरकारचा वाटा असतो. ब्राझीलनं या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि अमेरिकेनं काय केलं? अनुदान नीट बंद करण्यापेक्षा २०१४ ला ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आमच्या करातून टेक्सासच्या कापूसवाल्याला, आणि त्याबद्दल तक्रार करू नये म्हणून ब्राझीललाही. भारताला, यवतमाळला, हिंगणघाटला काही नाही. तेव्हा अध्यक्ष डेमोक्रॅट होते. त्याआधी ते वाढवणारे रिपब्लिकन होते. मी वर ८७ विरुद्ध १३ लिहिलं ते हेच बिल. जिल्ह्यात कापूस असलेला खासदार कोणत्याही पक्षाचा असो, हात वर करतो. तुम्ही अमेरिकेत असता आणि याविरुद्ध मत द्यायचं ठरवता तर कोणाला दिलं असतं? हा प्रश्न मी इथे सगळ्यांना विचारतोय. खोडकाका, आतून बदल होतो म्हणता, फार्म बिल आतून कधी बदललं?

कोरडवाहू

ही एक गोष्ट बरोबर आहे. त्यांचं अनुदान बंद करा म्हणणारा कोणी असेल तर मी त्याला मत देईन, तो निवडून येवो न येवो. पण त्यानं माझ्या हमीभावाला हात लावला तर नाही.

जुनं खोड

फार्म बिल नाही बदललं. मी आमच्या खासदाराला पत्र लिहिलं होतं, छापील उत्तर आलं. हा एक मुद्दा तुमचा. त्यासाठी तुम्ही सिनेट घालवलीत हे मात्र मी विसरणार नाही. आणि तुमचा पक्ष आज आहे कुठे? २०१६ ला जॉन्सनना जवळजवळ ४५ लाख मतं होती. २०२४ ला ऑलिव्हरना साडेसहा लाख, अर्धा टक्कासुद्धा नाही. २०२२ ला पक्षात एका गटानं ताबा घेतला आणि उरलेले पांगले.

मुक्तछंद

ते खरं आहे. त्या भांडणानं मलाही फार त्रास झाला, आमच्या इथली बैठक दोन वर्षं बंद होती. तरी २०२४ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या अधिवेशनात ट्रम्प स्वतः मत मागायला आले. लोकांनी हुर्यो उडवली, तरी थांबले आणि 'सिल्क रोड' ही ऑनलाइन काळी बाजारपेठ चालवल्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्या रॉस उल्ब्रिख्टला सोडायचा शब्द दिला. शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी त्याला माफी मिळाली. जन्मठेपेतला माणूस बाहेर आला, कारण एका उमेदवाराला या दोन-तीन टक्क्यांची भीती वाटली. रिपब्लिकनांची पक्की मतं असतो तर आमच्या दारात कोण आलं असतं?

वाळवंटातली मैना

एक माणूस सुटला, ठीक. त्याच आठवड्यात इतर किती जणांच्या पोटात गोळा आला ते मी मोजत बसत नाही.

मुक्तछंद, मला एवढंच सांगा. ६ डिसेंबर २०२२ ला जॉर्जियात रनऑफ झालं. मतपत्रिकेवर दोनच नावं होती, तुमचा ऑलिव्हर नव्हता. त्या दिवशी तुम्ही काय केलंत?

मुक्तछंद

गेलो होतो. थंडी होती, पाऊण तास रांग होती. वॉर्नॉकना दिलं. समोरचे रिपब्लिकन वॉकर मला कोणत्याही परिस्थितीत नको होते.

आणि खोडकाका, तुमचा राहिलेला हिशेब. ५ जानेवारी २०२१ च्या रनऑफला मी पर्ड्यूंना मत दिलं होतं, कारण अध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्याची असावी असं मला वाटत होतं. नोव्हेंबरात पर्ड्यूंच्या मागं असलेली बरीच माणसं जानेवारीत घराबाहेरच पडली नाहीत. ते ५५ हजार आमच्या खात्यावर लिहू नका.

जुनं खोड

हे आधी सांगायला हवं होतंत. पर्ड्यूंना दिलंत म्हणजे तुमच्यापुरता माझा राग कमी झाला. बाकीच्या दोन टक्क्यांवरचा आहे तसाच आहे.

वाळवंटातली मैना

म्हणजे वेळ आली तेव्हा तुम्हीही बादली उचललीत. रंग न बघता.

मुक्तछंद

उचलली. दुसरी फेरी होती म्हणून पहिल्या फेरीत मनासारखं मत देता आलं. बेरीज वजाबाकी म्हणताहेत ते हेच.

वाळवंटातली मैना

मग माझं भांडण तेच आहे. ॲरिझोनात दुसरी फेरी नाही. नोव्हेंबरात जे पडलं ते पडलं. २०१६ ला माझ्या सहकाऱ्याला डिसेंबर मिळाला नाही. मिळाला असता तर तो गेला असता, हे मी खात्रीनं सांगते. ती सोय येऊ द्या, मग पहिल्या फेरीत मी तुमच्या माणसाचं ऐकून घेईन. तोवर नाही.

बेरीज वजाबाकी

मैनाताई, तुमच्याकडे २०२४ ला प्रस्ताव १४० होता. सर्वांसाठी एकच खुली प्रायमरी आणि पुढे पसंतीक्रमाला वाट. तो पडला. तुम्ही काय मत दिलं होतं?

वाळवंटातली मैना

"नाही"वर खूण केली होती. मतपत्रिका दोन पानी होती, प्रस्तावांची भाषा किचकट होती, रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात बसून भरत होते. नीट वाचलं नव्हतं.